नकाशाचा समास
स्पॅनिशभाषक देशांच्या वाटा दाखवणारी पुस्तके आणि नकाशे कसे निवडावेत?

मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तके चाळताना एकदा मला चिली देशाचा रस्त्यांचा नकाशा मिळाला. घडीचा, कडा फाटलेला, पाठीमागे गावांची सूची छापलेला. बंदरात उतरलेल्या कोणा खलाशाने तो रद्दीत दिला असावा. त्या काळात मी एक शब्दकोश आणि एक व्याकरण एवढ्या भांडवलावर घरीच स्पॅनिश शिकत होतो. चिलीच्या स्वातंत्र्ययुद्धाचा नायक बेर्नार्दो ओ'हिगिन्स ज्या चियान गावी जन्मला, ते गाव शोधावे म्हणून मी सूची उघडली. रोमन लिपीत हे नाव 'सी' आणि 'एच' या अक्षरांनी सुरू होते. म्हणून मी 'सी'खाली पाहिले. कालामा होते, कोन्सेप्सिओन होते, कोपियापो होते, शेवटी कुरिको होते. चियान नव्हते. 'सीएच'ने सुरू होणारे एकही गाव नव्हते. एवढे मोठे शहर ज्यात नाही तो नकाशा काय कामाचा, असे म्हणून मी तो बाजूला ठेवला.

काही महिन्यांनी व्याकरणाच्या पुस्तकात उलगडा झाला. स्पॅनिश वर्णमालेत 'सीएच' ही जोडी एक स्वतंत्र अक्षर मानली जात असे आणि तिची जागा 'सी' संपल्यानंतर असे. 'एल'ची दुहेरी जोडीही तशीच. त्यामुळे कुरिकोनंतर नवे शीर्षक घालून चियान दिलेले होते आणि यानकिवे हे गाव लोतानंतर होते. आपल्याकडे 'क्ष' काही कोशांत 'क'च्या पोटात सापडतो आणि काहींत अगदी शेवटी, त्यातलाच हा प्रकार. स्पॅनिश भाषेच्या अकादमींनी १९९४ मध्ये ही वेगळी वर्णानुक्रमाची पद्धत बंद केली. 'एन'वर नागमोडी रेघ असलेले अक्षर मात्र आजही स्वतंत्र आहे आणि 'एन'नंतर येते. म्हणजे १९९४ च्या आधीची सूची एका रीतीने पाहायची आणि नंतरची दुसऱ्या. नकाशा बरोबर होता. तो वाचायचा कसा, ते मला ठाऊक नव्हते.

गेली अनेक वर्षे मी अशी मार्गदर्शक पुस्तके आणि नकाशे जमवतो आहे. मराठी वाचकाला हे देश बहुधा प्रवासवर्णनांतून भेटले. मीना प्रभु यांची 'मेक्सिकोपर्व' आणि 'दक्षिणरंग' ही पुस्तके अनेक घरांत आहेत. आता त्या घरांतली मुले-मुली स्वतःच तिकडे निघतात आणि विचारतात, "सर्वांत चांगले पुस्तक कोणते? सर्वांत चांगला नकाशा कोणता?" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. आधी तीन गोष्टी विचाराव्या लागतात. हे कोणी केले, कोणासाठी केले आणि केव्हा केले?

यात्रेकरूंसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी

स्पेनमधले सर्वांत जुने मार्गदर्शक पुस्तक बाराव्या शतकातले आहे. सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथे संत याकोबाच्या समाधीला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी ते लिहिले गेले. 'कोडेक्स कॅलिक्स्टिनस' नावाच्या हस्तलिखिताचा तो पाचवा भाग. मुक्काम कुठे, कोणत्या नदीचे पाणी प्यावे, कोणत्या नदीचे पिऊ नये, वाटेत कोणते अवशेष पूजनीय, हे सारे त्यात आहे. वारीच्या मुक्कामांचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या माणसाला ते परके वाटणार नाही. पण लेखक फ्रान्सच्या प्वातू भागाच्या बाजूचा असावा, कारण तिथल्या लोकांचे तो तोंडभरून कौतुक करतो आणि नावार्राच्या लोकांना मनसोक्त शिव्या घालतो. सालादो नदीकाठी दोन नावार्री माणसे सुऱ्या पाजळत बसली होती, विचारल्यावर पाणी चांगले आहे म्हणाली, घोडे ते पाणी पिऊन मेले आणि त्यांनी तिथेच त्यांची कातडी सोलली, अशी हकीकत तो सांगतो. त्याच पुस्तकात बास्क भाषेतल्या शब्दांची एक छोटी यादी आहे आणि ती त्या भाषेच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक म्हणून अभ्यासक आजही वापरतात. पूर्वग्रह आणि पक्की माहिती एकाच पानावर नांदतात. मार्गदर्शक पुस्तकांचा हा स्वभाव तेव्हापासूनचा आहे.

रिचर्ड फोर्ड हा इंग्रज १८३० ते १८३३ या काळात स्पेनमध्ये घोड्यावरून हिंडला. लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकासाठी त्याने लिहिलेले दोन खंडांचे हॅण्डबुक १८४५ मध्ये आले. आधीची छापील आवृत्ती फार जहाल झाली म्हणून मित्रांच्या सल्ल्याने ती मागे घ्यावी लागली होती. वाङ्मय म्हणून ते पुस्तक आजही वाचावे असे आहे, पण त्याच्या भरवशावर स्पॅनिश माणसाविषयी मत बनवू नये.

दक्षिण अमेरिकेसाठी १९२४ पासून 'साउथ अमेरिकन हॅण्डबुक' निघू लागले. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या जहाजाने जाणाऱ्या व्यापारी आणि प्रवासी मंडळींसाठी होत्या. साहजिकच बंदरे, आगगाड्या, आयात-निर्यात यांवर भर आणि पायवाटांना जागा नाही. पुढे पाठीवर पिशवी टाकून फिरणारी तरुण मंडळी आली तशी पुस्तकेही बदलली. हिलरी आणि जॉर्ज ब्रॅट या जोडप्याने पेरू आणि बोलिव्हियातल्या जुन्या वाटांवरचे आपले पहिले पुस्तक ॲमेझॉनच्या एका उपनदीवर तराफ्यात बसून लिहिले. ते १९७४ मध्ये निघाले. 'साउथ अमेरिका ऑन अ शूस्ट्रिंग' १९८० चे. एकाच खंडावरची ही तीन पुस्तके शेजारी ठेवली तर तीन वेगळे खंड वाटतात, कारण वाचक वेगळे होते.

आजचे पुस्तक निवडताना मी तीन पाने उघडून पाहतो. पहिले, मोठ्या शहरात बसने पोचणाऱ्यासाठी काय लिहिले आहे. लिमात अनेक बस कंपन्यांची स्थानके वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. 'बसस्थानकावर उतरा' एवढेच लिहिणारा लेखक तिथे बसने गेलेला नाही असे मी समजतो. दुसरे, सरहद्द ओलांडण्याचे पान. नाके कोणते, किती वाजता बंद होते, शिक्का न घेता पुढे गेल्यास काय होते, हे तिथे असावे. तिसरे, किमतींचे पान, आणि ते विश्वास ठेवण्यासाठी नव्हे. अर्जेंटिनात २०२३ साली महागाई वर्षभरात २११ टक्क्यांवर गेली. अशा देशातली छापील किंमत पुस्तक बाजारात येईपर्यंत निरर्थक होते. जो लेखक हे मोकळेपणाने सांगतो आणि किमतीऐवजी स्वस्त-मध्यम-महाग एवढाच भेद दाखवतो, त्याच्या बाकीच्या पानांवरही माझा विश्वास बसतो. इतिहास, वास्तू, भूगोल यांसाठी जुनी आवृत्ती चालते. वेळापत्रके, दर आणि सुरक्षिततेसाठी नवीच लागते. दोन्ही बरोबर नेता आल्यास उत्तम.

समासातली एक ओळ

पुस्तकांबाबत चूक झाली तर फार तर गैरसोय होते. नकाशाबाबत तसे नसते. हे मला माझ्याच चुकीतून कळले, म्हणून ती सांगतो.

माझी भाची काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीसह पेरूच्या कोर्दियेरा ब्लांका या हिमाच्छादित रांगेत चालायला निघाली. माझ्याजवळ तिथल्या सरकारी भूगोल संस्थेच्या १:१,००,००० प्रमाणाच्या नकाशाचा एक जुना कागद होता. त्यावर एका ओढ्यावरचा लाकडी साकव अगदी स्पष्ट दाखवला होता. मी मोठ्या हौसेने त्या साकवाचे निर्देशांक मोजले आणि तिला पाठवले. तिने ते फोनमध्ये घातले. दिवस मावळताना त्या दोघी फोनने दाखवलेल्या ठिकाणी पोचल्या तर तिथे साकव नव्हता, खोल घळ होती. खाली उतरून पाहताना मैत्रिणीचा घोटा मुरगळला. विजेऱ्यांच्या उजेडात त्या वर आल्या आणि एका मेंढपाळाच्या झोपडीत थंडीत रात्र काढली. सकाळी त्याने साकव दाखवला. तो नैर्ऋत्येला, चारशे मीटरांवर होता. फोन लागला तेव्हा भाची एवढेच म्हणाली, "मामा, तुझा नकाशा चुकीचा आहे."

नकाशा चुकीचा नव्हता. खालच्या समासात बारीक अक्षरांत एक ओळ होती आणि ती मी वाचली नव्हती. तिच्यात हा नकाशा '१९५६ चा तात्पुरता दक्षिण अमेरिकी' डेटम वापरतो असे लिहिले होते.

डेटम म्हणजे काय, हे सोप्या शब्दांत सांगतो. पृथ्वी काही नेमका गोल नाही. नकाशा करणारे तिच्यासाठी एक गणिती आकार ठरवतात, तो कुठेतरी जमिनीला टेकवतात आणि तिथून मापे सुरू करतात. १९५६ च्या या पद्धतीचा आरंभबिंदू व्हेनेझुएलातल्या ला कानोआ येथे होता. आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरचा आणि गणिती आकार एव्हरेस्टच्या नावाचा. उपग्रहांवर चालणारा फोन मात्र डब्ल्यूजीएस ८४ ही जागतिक पद्धत वापरतो. एकाच साकवाला या दोन पद्धतींत दोन वेगळे निर्देशांक मिळतात. पेरूमध्ये हा फरक चारशे मीटरांहून थोडा अधिक भरतो. जुने आकडे नव्या पद्धतीत जसेच्या तसे घातले की बिंदू ईशान्येला सरकतो. मी नेमके तेच केले होते.

स्पेनमध्येही हा प्रश्न आहे, फक्त त्याचे थर अधिक आहेत. तिथल्या १:५०,००० च्या राष्ट्रीय नकाशाचा पहिला कागद माद्रिद शहराचा, तो १८७५ मध्ये छापला गेला. साऱ्या देशाचे कागद पूर्ण व्हायला १९६८ उजाडले. या जुन्या कागदांवर रेखांश ग्रिनिचपासून नव्हे, माद्रिदपासून मोजलेले आहेत. माद्रिदची वेधशाळा ग्रिनिचच्या पश्चिमेला सुमारे ३ अंश ४१ मिनिटांवर आहे. ही चूक मोठी असल्याने लगेच ध्यानात येते. १९७० नंतरच्या कागदांवर युरोपचा १९५० चा डेटम आहे आणि तो आजच्या पद्धतीपासून दोनशे मीटरांवर थोडा सरकतो. ही चूक लहान असल्याने लपते, म्हणून अधिक वाईट. २००७ च्या आदेशाने स्पेनने नवी युरोपीय पद्धत स्वीकारली. ती व्यवहारात फोनशी जुळते. सरकारी संस्थेचे १:२५,००० आणि १:५०,००० चे नकाशे आता विनामूल्य उतरवून घेता येतात. पिरेनीज पर्वतासाठी एदितोरियाल आल्पिना या कातालान संस्थेचे नकाशे गिर्यारोहक वापरतात. मेक्सिकोची इनेही ही सांख्यिकी संस्थाही १:५०,००० चे नकाशे विनामूल्य देते.

प्रमाणाचे गणित एकदा पाठ करून टाकावे. १:२५,००० वर एक सेंटीमीटर म्हणजे अडीचशे मीटर, १:५०,००० वर पाचशे मीटर, १:१,००,००० वर एक किलोमीटर. सह्याद्रीत टोपोशीट घेऊन हिंडलेल्यांना १:५०,००० ची सवय असते. अँडीजमध्ये अनेकदा १:१,००,००० वरच भागवावे लागते. कोर्दियेरा ब्लांकासाठी जर्मन-ऑस्ट्रियन आल्प्स संघाचा नकाशाही याच प्रमाणाचा आहे, त्याची परंपरा १९३२ च्या मोहिमेपासूनची. मोटारीने फिरणाऱ्याला याहून लहान प्रमाण पुरते. मिशेलिनचे स्पेनचे प्रादेशिक नकाशे १:४,००,००० चे आहेत आणि रस्त्यासाठी उत्तम. पण ते घेऊन डोंगर चढू नये.

नाहीसे झालेले गाव

त्याच कोर्दियेरा ब्लांकाच्या पायथ्याशी युंगाय हे गाव आहे. ३१ मे १९७० रोजी मोठा भूकंप झाला, वास्करान शिखराचा बर्फ आणि खडक कोसळला आणि काही मिनिटांत युंगाय गाडले गेले. दफनभूमीच्या टेकडीवर चढलेले आणि सर्कशीला गेलेले काही जण वाचले. नवे युंगाय जवळच, थोडे उत्तरेला वसवले. जुन्या गावाची जागा आता स्मारक आहे. तिथे खोदकाम करत नाहीत.

१९७० च्या आधीच्या नकाशावर युंगायचा चौक, चर्च, रस्ते सारे आहे. आज वाट शोधायला तो कागद निरुपयोगी. पण तिथे कोण राहत होते, चौक कुठे होता, हे सांगणारी फार थोडी साधने उरली आहेत आणि हा त्यांतला एक. त्यामुळे नवा नकाशा घेतला म्हणून जुना टाकून द्यावा असे मी कधी सांगत नाही. कोणत्या कामाला कोणता, एवढेच ठरवावे.

पत्ता सांगण्याच्या तऱ्हा

शहरांचे नकाशे निवडताना आणखी एक गोष्ट कामी येते. १५७३ मध्ये राजा दुसरा फिलिप याने अमेरिकेत नवी नगरे कशी वसवावी याचे नियम काढले. मध्ये चौक, त्यातून निघणारे सरळ रस्ते, चौकाभोवती चर्च आणि सरकारी इमारती. म्हणून अनेक स्पॅनिश-अमेरिकी शहरांचा गाभा चौकटीच्या वहीसारखा दिसतो. पुस्तकातला छोटा आराखडाही तिथे पुरतो. एका चौकटीच्या बाजूला 'क्वाद्रा' म्हणतात आणि अंतरे तिच्यातच सांगतात.

त्यापुढे प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. कोलंबियात 'कायये' सहसा पूर्व-पश्चिम आणि 'कार्रेरा' उत्तर-दक्षिण. कायये २६, क्रमांक १३-१९ असा पत्ता असेल तर सव्विसाव्या कायेवर, तेराव्या कार्रेराच्या कोपऱ्यापासून सुमारे एकोणीस मीटरांवर. हे एकदा समजले की बोगोतात नकाशा खिशातच राहतो. मेक्सिको शहरात उलट. बेनितो ह्वारेसच्या नावाचे रस्ते असंख्य, म्हणून वस्तीचे म्हणजे 'कोलोनिया'चे नाव नसलेला पत्ता व्यर्थ. तिथल्या टॅक्सीवाल्यांच्या पिढ्या १९२८ पासूनच्या 'गिया रोही' या रस्त्यांच्या पुस्तकावर वाढल्या. ब्युनोस आयर्समध्ये बसमार्ग शोधायला 'गिया ते' ही खिशात मावणारी पुस्तिका होती. अशी स्थानिक पुस्तके तिथे पोचल्यावर वर्तमानपत्रांच्या टपरीवर मिळत. ती परदेशी पुस्तकांपेक्षा स्वस्त आणि अनेकदा अधिक अचूक असत.

निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात मात्र नकाशाच हात टेकतो. तिथे उत्तरेला 'तळ्याकडे' म्हणतात, पूर्वेला 'वर' आणि पश्चिमेला 'खाली'. २३ डिसेंबर १९७२ च्या भूकंपात शहराचा मध्यभाग पडला, पण पत्ते पडलेल्या इमारतींवरूनच सांगणे चालू राहिले. 'जिथे अमुक होते, तिथून एक क्वाद्रा तळ्याकडे, दोन खाली.' कोस्टा रिकाच्या सान होसेजवळ एका जुन्या उंबरवर्गीय वृक्षावरून पत्ते सांगत आणि तो पडल्यावरही सांगतात. शिवाय तिथे 'शंभर मीटर' म्हणजे एक क्वाद्रा, मग ती प्रत्यक्षात कितीही असो. इथे पुस्तकात पत्त्यांची ही रीत समजावलेली आहे का, एवढेच पाहावे. नसेल तर ते पुस्तक ठेवून द्यावे.

नावांचेही तसेच. माद्रिदचा 'ग्रान विया' हा रस्ता फ्रँकोच्या काळात आणि नंतर १९८१ पर्यंत 'आवेनिदा दे होसे आंतोनिओ' होता. जुन्या नकाशावर 'हेरोना' आणि 'लेरिदा' दिसतील, आज तिथल्या पाट्यांवर कातालान भाषेतली 'जिरोना' आणि 'येइदा' असतात. व्ही.टी.चे सी.एस.एम.टी. झालेले पाहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको.

रेघ कोणाची

परदेशातून आलेल्या अनेक पुस्तकांतल्या भारताच्या नकाशावर आपल्याकडे शिक्का मारलेला असतो की दाखवलेल्या सीमा अचूक वा अधिकृत नाहीत. लहानपणी शाळेच्या ग्रंथालयात मला तो शिक्का फक्त आपलाच वाटे. स्पॅनिश अमेरिकेचे नकाशे पाहिल्यावर कळले की तो सर्वत्र आहे, फक्त शाई वेगळी.

अर्जेंटिनाचा नकाशा माल्विनास बेटे आपली दाखवतो, ब्रिटिश नकाशा त्यांनाच फॉकलंड म्हणतो. २०१० च्या कायद्याने अर्जेंटिनातल्या शाळांत अंटार्क्टिकावरचा दावा पूर्ण आकारात दाखवणारा नकाशा सक्तीचा आहे. व्हेनेझुएलाच्या नकाशांवर गयानाचा एसेकिबो नदीच्या पश्चिमेचा भाग वर्षानुवर्षे तिरप्या रेघांनी 'दाव्याखालील प्रदेश' म्हणून छापला गेला. डिसेंबर २०२३ च्या सार्वमतानंतर सरकारने तो देशाचाच भाग दाखवण्याचा आदेश दिला. एक्वादोरचे नकाशे १९९८ च्या करारापर्यंत ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मोठा टापू आपला दाखवत. चिली आणि अर्जेंटिना यांच्यामधल्या दक्षिणेच्या हिमक्षेत्रात सीमेचा एक तुकडा १९९८ च्या करारानंतरही आखायचा राहिला आहे, म्हणून चिलीच्या नकाशांवर तिथे रेघेऐवजी चौकोन असतो.

प्रवाशाने यात न्यायाधीश होऊ नये. पण सरकारी नकाशा डोंगर, नद्या, वाटा यांसाठी जेवढा विश्वासू, तेवढा सरहद्दीसाठी असेलच असे नाही, हे ओळखावे. सरहद्दीजवळ चालायचे असल्यास दोन्ही देशांचे नकाशे घ्यावेत. जिथे ते जुळत नाहीत तिथे रेघेवर नव्हे, चौकीवरच्या माणसावर अवलंबून राहावे.

तर मग पुस्तक घेताना लेखक बसने हिंडलेला आहे का ते पाहावे. नकाशा घेताना आधी मधले चित्र पाहू नये, खालचा समास पाहावा. प्रमाण, छपाईचे वर्ष, पाहणीचे वर्ष, डेटम, रेखांश कुठून मोजले, प्रकाशक सरकारी की खाजगी, सारे तिथे असते. छपाई २००० ची आणि पाहणी १९६० ची, असेही अनेकदा आढळते. फोनवरचा नकाशा असेल तर तो कोणत्या आधारावर आहे ते पाहावे आणि चार्ज संपेल हे गृहीत धरून कागद बरोबर ठेवावा.

त्या रात्रीनंतर बरेच दिवस भाचीशी बोलताना मला अवघडल्यासारखे होई. स्वतःच्या आधारावर शिकलेल्या माणसाला आपल्या शिकण्याचा अभिमान असतो आणि तो नेमका न वाचलेल्या ओळीवर आपटतो. तिने ते मनाला लावून घेतले नाही. आता ती कुठेही निघाली की नकाशा विकत घेण्याआधी त्याच्या खालच्या समासाचा फोटो मला पाठवते. खाली लिहिते, "मामा, हे वाच आधी." मी चष्मा लावतो आणि वाचतो.